'आल' दिसला की अरबी? (स्पॅनिश आणि गॅलिशियन)

कोरांटी
स्पॅनिशमध्ये 'आल'ने सुरू होणारे शब्द सारखे भेटतात: आल्गोदोन (कापूस), आल्मोआदा (उशी), आल्काल्दे (महापौर). सगळे अरबी धरायचे का? आथूकार (साखर) आणि आर्रोथमध्ये (तांदूळ) 'आल' नाही, तरी तेही अरबी म्हणतात, ते कसे? आणि गॅलिसियात (स्पेनचा वायव्य कोपरा, गॅलिशियन तिथली भाषा) मुस्लिम सत्ता जेमतेम टिकली, मग गॅलिशियनमध्ये हे शब्द आले कुठून?

भाषाभ्रमर
'अल' हे अरबी उपपद, म्हणजे इंग्रजी 'द'सारखं. इबेरियात (स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात) ते नामासकट उचललं गेलं, म्हणून 'एल आल्काल्दे' म्हणताना उपपद दोनदा लागतं ('एल' हे स्पॅनिश उपपद). आतला शब्द आपला काझीच. इटालियनने मात्र कापसाला नुसतं 'कोतोने' केलं.

अरबीच्या 28 पैकी 14 व्यंजनांपुढे (स, श, ज़, र, द, त, न वगैरे) उपपदातला 'ल' पुढच्या अक्षरात मिसळतो. लिहायचं अल-सुक्कर, म्हणायचं अस्सुक्कर. स्पॅनिशने कानावर पडलं तेच घेतलं, त्यामुळे आथूकार. अद्दीवानचं झालं आदुआना, म्हणजे जकात कचेरी. (जकातही अरबीच, पण ते असो.)

मूळशोधक
उलटी चूक जास्त होते. आल्तो (उंच), आल्मा (आत्मा) हे निव्वळ लॅटिन. आल्मेंद्रा (बदाम) तर चकवाच: मूळ लॅटिन, 'आल' मागाहून अरबी शब्दांच्या प्रभावाने चिकटला. गॅलिशियन 'आमेंदोआ'त 'ल' नाही, तिथेच कळतं. शंका आली की स्पॅनिश अकादमीचा कोश उघडा. नोंदीच्या सुरुवातीलाच 'हिस्पॅनिक अरबीतून' (इबेरियातल्या अरबी बोलीतून) असा उल्लेख असतो, तो संक्षेपात.

दर्यावर्दी
गॅलिसियाबद्दल: 711 मध्ये मुस्लिम फौजा इबेरियात उतरल्या, त्यानंतर काही दशकांतच तिथली मुस्लिम सत्ता संपली. शब्द पोचले ते दक्षिणेतून उत्तरेला स्थलांतर केलेल्या अरबी जाणणाऱ्या ख्रिश्चनांबरोबर, व्यापारातून आणि पुढे बरेचसे कॅस्टिलियनमार्फत (म्हणजे स्पॅनिशमार्फत). पण उच्चार कधीकधी गॅलिशियननेच जास्त जपलाय. 'देव करो नि तसं होवो' या अर्थाचा स्पॅनिश 'ओखाला' अरबी 'लव शा अल्लाह'वरून आला. त्यात 'श' होता, तो स्पॅनिशमध्ये 17व्या शतकापर्यंत 'ख' झाला. गॅलिशियन अजून 'ओशाला'च म्हणते, आणि हा 'श' लिहिते 'एक्स' (x) अक्षराने.

कोरांटी
म्हणजे गॅलिशियन 'एक्स' अक्षर सरसकट 'श' वाचायचं?

दर्यावर्दी
नाही. 'एक्सामे' (परीक्षा), 'ताक्सी' अशा शब्दांत ते 'क्स'च.