पाहुणा म्हणून खेळून आलो, आणि वाटतंय ही दारं उघडायला हवीत

सातवा आयर्न (धागाकर्ता)

गेल्या रविवारी एका नव्या खाजगी गोल्फ मैदानावर अठरा होल खेळलो, एका सभासद मित्राचा पाहुणा म्हणून. दुसऱ्या कुठल्या मार्गाने तिथे खेळताच येत नाही. सभासद बरोबर हवा, आणि सभासद व्हायचं तर आतल्यांनी बोलवायला हवं. अर्ज नाही, प्रतीक्षायादी नाही. मैदानाचं नाव लिहीत नाही, कारण माझं म्हणणं त्या एकाच मैदानाबद्दल नाही.

आधी खेळाचं सांगतो, कारण मैदान खरोखर उत्तम आहे. पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायची जागा) उभा राहिलो तेव्हा पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. दवावर गवत कापायच्या यंत्राचे पट्टे, तेवढेच. टी टाइम (खेळ सुरू करायची ठरवून घेतलेली वेळ) हा प्रकारच नाही, आलात की सुरू करा. चौथा होल छोटा पार चार आहे, म्हणजे चार फटक्यांत पुरा करायचा, आणि त्याचं ग्रीन (झेंड्याभोवतीचा बारीक कापलेल्या गवताचा भाग) पुढून मागे उतरतं. शंभर यार्डांवरून वेजने (उंच, आखूड फटक्याच्या काठीने) मारलेला माझा बॉल झेंड्याच्या अलीकडे दोन पावलांवर पडला, ठणकन उसळला आणि मागच्या खळग्यात गेला. वाकून पिच मार्क (बॉल आपटल्याची खूण) शोधला तर नखाएवढा ओरखडा! कॅडी (काठ्यांची पिशवी वाहणारा मदतनीस) म्हणाला, "ग्रीन नवं आहे, अजून कडक आहे. वीस पावलं अलीकडे टाका, पुढचं उतार बघेल." पुढच्या होलपासून तसंच केलं. बॉल जमिनीवरून घरंगळत झेंड्याकडे जाताना बघण्यात जो आनंद आहे तो मी कित्येक वर्षं विसरलो होतो.

मग बाराव्या होलवर, पार तीनच्या टीवर, एक गोष्ट लक्षात आली. आतापर्यंत मला एकही जुना डिव्हट, म्हणजे फटक्याने गवत उखडून पडलेली खाच, दिसला नव्हता. आपल्या नेहमीच्या मैदानावर फेअरवेतल्या (टी ते ग्रीन मधल्या कापलेल्या पट्टीतल्या) डिव्हटांच्या पुंजक्यावरून कळतं की लोकांचे ड्राइव्ह, म्हणजे टीवरून मारलेले लांब फटके, कुठे येऊन थांबतात. इथे काहीच नाही. आपल्या आधी इथे कोणी खेळलंच नसावं असं वाटलं. सुरुवातीला छान वाटलेली ती शांतता नंतर मला खुपायला लागली.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स घ्या. मुळात तिथे जाता-येता त्याच होलांवर खेळत. 1764 साली 22 होलांचे 18 झाले. एकोणिसाव्या शतकात खेळणारे वाढले, जाणारे आणि येणारे एकमेकांच्या वाटेत यायला लागले, म्हणून फेअरवे रुंद केले आणि एकेका ग्रीनवर दोन-दोन होल पाडले. आजही तिथली सात ग्रीनं जोडग्रीनं आहेत. ज्या मैदानाला सगळं जग मान देतं त्याला आकार कोणी दिला? गर्दीने. आणि ते आजही गावाच्या मालकीचं आहे. सभासद नसलेल्यानेही सोडतीत नाव टाकावं, नंबर लागला की खेळावं.

माझं मत सरळ आहे. मैदान कितीही सुंदर बांधा, निरनिराळ्या हातांनी खेळलं गेल्याशिवाय ते पुरं होत नाही. नव्या खाजगी क्लबांनी आठवड्यातला निदान एक दिवस बाहेरच्यांसाठी ठेवायला हवा. तुम्हाला काय वाटतं?

माळावरचा वारा

असहमत, आणि अगदी ठाम असहमत.

सेंट अँड्र्यूज दोनदा घडत नाही, त्यामागे काही शतकं आहेत. आज नवं मैदान बांधणाऱ्याकडे तेवढा वेळ नसतो. त्याच्याकडे एक जमीन असते आणि डोक्यात एक कल्पना असते. न्यू जर्सीच्या पाइन व्हॅलीचं उदाहरण घ्या. जॉर्ज क्रंप हा काही व्यावसायिक आराखडाकार नव्हता. त्या एका जमिनीपायी त्याने स्वतःचा पैसा आणि आयुष्य ओतलं. 1918 साली तो गेला तेव्हा चार होल अपुरेच होते. टीवरून वाळूच्या विस्तारावरून बॉल पार न्यायचा, चुकला तर दया नाही, असं मैदान सर्वांसाठी खुलं ठेवायचं ठरवलं असतं तर कोणी बांधू दिलं असतं?

कारण साधं आहे. खुल्या मैदानाचा आराखडा करणाऱ्याच्या मनात सतत वेळ असतो. बॉल शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात (2019 आधी पाच होती). चौघांच्या गटात प्रत्येकाचा एक बॉल झुडपात गेला की एका होलवर बारा मिनिटं गेली, आणि मागे टी टाइमची रांग खोळंबली. मग काय होतं, झुडपं काढा, रफ (बाजूचं उंच गवत) उतरवा, बंकर (वाळूचे खड्डे) उथळ करा. मैदान गुळगुळीत होत जातं. तुम्हाला चौथ्या होलवर जो आनंद मिळाला तो मागे रांग नव्हती म्हणून मिळाला.

सँड हिल्सही तसंच. अमेरिकेत नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांत कूर आणि क्रेनशॉ या आराखडाकारांना शंभराहून जास्त होल दिसले, त्यातून त्यांनी अठरा निवडले. 1995 साली मैदान सुरू झालं. माती जवळजवळ हलवलीच नाही. वस्तीपासून इतक्या लांब असलेलं ते मैदान मोजक्या सभासदांच्या जिवावर उभं राहिलं आणि त्यानंतर कितीतरी मैदानांनी त्याचा कित्ता गिरवला. ते खाजगी आहे, तरी फायदा सगळ्या खेळाला झाला.

हिरवळराखा

ग्रीनकीपिंगमध्ये आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द.

सातवा आयर्न, तुम्हाला डिव्हट दिसले नाहीत याचा अर्थ तिथे कोणी खेळलं नव्हतं असा नाही. संध्याकाळी आमची माणसं बादल्या घेऊन निघतात. वाळू आणि बी यांचं मिश्रण प्रत्येक खाचेत भरायचं, पायाने दाबायचं, पातळीत आणायचं. टीवर तर ओणव्याने. सकाळी तुम्हाला जे कोरं दिसलं ते आदल्या संध्याकाळचं कोणाचं तरी काम होतं. हे वाचून थोडं वाईट वाटलं म्हणून लिहिलं.

आता मुद्दा. तुमच्या कॅडीने सांगितलेलं बरोबर आहे. नवं ग्रीन वाळूच्या थरावर बांधलेलं असतं, साधारण 30 सेंटिमीटर, आणि खाली खडीचा थर. गवताच्या मुळाशी जी मऊ गादी साचते ती पहिल्या वर्षांत नसते, म्हणून बॉल उसळतो. ही गादी जमेपर्यंत ग्रीन नाजूक असतं. त्याच वेळी रोज दीडशे-दोनशे माणसं त्यावरून चालली की वाळूतल्या हवेच्या जागा दबतात, पाणी मुरत नाही, मुळं वरच राहतात, आणि पहिल्या कडक उन्हाळ्यात गवत मान टाकतं.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. ग्रीनला जितका उतार आणि जितक्या लाटा, तितक्या झेंडा लावायच्या जागा कमी. होलच्या भोवतीचा हातभर भाग बऱ्यापैकी सपाट हवा, नाहीतर बॉल थांबतच नाही. समजा अशा चार-पाचच जागा आहेत. कमी खेळ असेल तर आळीपाळीने फिरवता येतात, प्रत्येक जागेला आठवडाभर विश्रांती मिळते. गर्दी असेल तर त्याच चार जागा तुडवल्या जाऊन टक्कल पडतं. म्हणून गर्दीच्या मैदानावर मोठी, सौम्य ग्रीनं बांधावी लागतात. तुमचं चौथं ग्रीन तिथे टिकणार नाही.

माझं मत: पहिली तीन वर्षं दार बंदच ठेवा. नंतर आठवड्यात एक दिवस, मोजके गट, याला माझी हरकत नाही. गवताला ते झेपतं.

लांब पट

हिरवळराखा, प्रतिसाद आवडला. बादल्यांचं माहीत नव्हतं.

पहाटफेरी

सगळी चर्चा गवताची चालली आहे. दाराआड कोण असतं आणि बाहेर कोण राहतं यावर कोणीच बोललं नाही.

पाइन व्हॅलीचं कौतुक मीही वाचलं आहे. तिथे बायकांना अनेक वर्षं फक्त रविवारी दुपारी, पाहुण्या म्हणून खेळता यायचं. नियम बदलला 2021 मध्ये. अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल 1933 साली सुरू झालं. पहिला कृष्णवर्णीय सभासद 1990 साली, पहिल्या दोन महिला सभासद 2012 साली. स्कॉटलंडच्या म्यूरफील्डमध्ये 2016 साली महिलांना सभासदत्व द्यायचा ठराव दोन तृतीयांश मतांअभावी पडला. ओपन ही मोठी स्पर्धा भरवणाऱ्या आर अँड ए या संस्थेने लगेच जाहीर केलं की ओपन तिथे होणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मतदान झालं आणि ठराव मंजूर झाला. 2022 मध्ये त्याच मैदानावर महिलांची ओपन झाली आणि जगभरातल्या बायकांनी ती टीव्हीवर बघितली.

यातून मला एवढंच दिसतं की दार आतून क्वचित उघडतं. बाहेरून दाब यावा लागतो, आणि मोठी स्पर्धा हा सर्वांत मोठा दाब. नव्या क्लबांना स्पर्धा नकोच असतात. मग त्यांच्यावर दाब कोणाचा?

माझा एक अनुभव. अशाच एका क्लबात नवऱ्याबरोबर पाहुणी म्हणून गेले होते. माझं हँडिकॅप नऊ, त्याचं एकोणीस (जितकं कमी, तितका खेळ चांगला). स्टार्टरने (खेळ सुरू करून देणाऱ्या कर्मचाऱ्याने) कार्ड भरताना माझं हँडिकॅप त्याला विचारलं. मी समोर उभी होते, हातात माझा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, होता. तो माणूस उद्धट नव्हता, अगदी आदराने वागला. त्याला माझ्याशी थेट बोलायचं सुचलंच नाही, कारण त्या काउंटरशी एकटी आलेली बाई त्याने बहुधा कधी पाहिलीच नव्हती. बाहेरच्यांचा एक दिवस असता तर आठवड्यातून चार-पाच तरी पाहिल्या असत्या.

मागचा टी

पहाटफेरी, तुम्हाला आलेला अनुभव वाईट आहे आणि त्याचं समर्थन नाही. पण जुन्या क्लबांचं पाप नव्यांच्या डोक्यावर का? आज उघडणारे बरेच क्लब पहिल्या दिवसापासून स्त्री-पुरुष दोघांना सभासद करून घेतात.

मी स्वतः एका खाजगी क्लबाचा सभासद आहे, लपवायचं कारण नाही. आम्ही आमच्या पैशाने जागा घेतली, कर्जाचे हप्ते आम्ही फेडतो, तोटा झाला तर आमचाच. माझ्या घरी कोण जेवायला येणार हे मी ठरवतो. चार मित्रांनी मिळून जागा घेतली तर ते ठरवतील. माणसं वाढली म्हणून तत्त्व बदलत नाही.

आणि खुली मैदानं कमी दर्जाची आहेत का? मुळीच नाही. बेथपेज ब्लॅक सरकारी मैदान आहे. 2002 ची यूएस ओपन स्पर्धा तिथे झाली, 2025 चा रायडर कप (अमेरिका विरुद्ध युरोप सामना) ही तिथेच झाला. टी टाइमसाठी लोक गाडीत झोपून रात्र काढतात. ओरेगनच्या किनाऱ्यावरचं बँडन ड्यून्स 1999 पासून सर्वांसाठी खुलं आहे आणि तिथे तर पायीच खेळायचं. ज्याला उत्तम खेळ हवा त्याला तो मिळतो. मग आमचंच दार का ठोठवायचं?

पहाटफेरी

साठ-सत्तर हेक्टर जमीन म्हणजे घर नव्हे, मागचा टी. घराभोवतालची हवा, पाणी, वाट कोणाची अडत नाही. मैदानाची अडते. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने लोकांना खेळात व्यत्यय न आणता, ग्रीनवर पाय न ठेवता मैदान ओलांडून जायचा हक्क आहे. तिथले क्लब बुडाले नाहीत. ओल्ड कोर्सवर तर एरवी रविवारी खेळच बंद असतो, लोक कुत्री घेऊन फिरतात, मुलं मैदानातल्या स्विल्कन या दगडी पुलावर बसतात. सोमवारी पुन्हा खेळ सुरू. म्यूरफील्डसुद्धा आठवड्यातले ठरावीक दिवस पाहुण्यांना देतं. इतक्या जुन्या क्लबांना जे जमतं ते नव्यांना का जमू नये, याचं उत्तर तुमच्या प्रतिसादात नाही.

अर्धा क्लब

मी सात वर्षं कॅडीचं काम केलं आहे, त्यातली दोन अशाच नव्या बंद क्लबात.

मैदान सुरेख, माणसं चांगली, बक्षिशी चांगली. पण कॅडीला पैसे फेरीमागे मिळतात. कितीदा तरी सकाळी सहाला जाऊन बाकावर बसायचं आणि अकराला कळायचं की आज कोणी येत नाही. पाऊस असेल तर समजू शकतो. लख्ख ऊन असायचं आणि अठरा झेंडे नुसते फडफडत असायचे. तो बाक अजून डोळ्यासमोर आहे.

दुसरं, ग्रीन वाचणं पुस्तकातून येत नाही. हजार पट (ग्रीनवर होलकडे ढकललेले फटके) बघावे लागतात, तेही वेगवेगळ्या हातांचे. जोराने मारणारा, भीत-भीत मारणारा, डावखुरा. तेच ते तीस सभासद तेच ते पट मारतात. पूर्वी गर्दीच्या मैदानावर मी एका मोसमात जे शिकलो ते इथे दोन वर्षांतही झालं नाही. वीस पावलं अलीकडे टाका म्हणणारा तुमचा कॅडी हुशार आहे, सातवा आयर्न. त्याने रिकाम्या वेळात स्वतः बॉल टाकून बघितले असणार.

माळावरचा वारा

अर्धा क्लब, या बाजूने मी विचार केला नव्हता. आराखड्याबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे, पण बाकावरच्या माणसाला दिवसाचा ठरावीक पगार मिळायला हवा हे मान्य. ते दार न उघडताही करता येईल.

सातवा आयर्न (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. हिरवळराखा, तुमची माफी मागतो. बादल्यांचं कळल्यावर माझाच परिच्छेद पुन्हा वाचला आणि ओशाळलो. ज्यांनी ते बुजवलं त्या माणसांना मी मोजलंच नव्हतं. तीन वर्षांची तुमची अटही पटली.

माळावरचा वारा, क्रंपसारख्याला रान मोकळं हवं हे खरं. पण मैदान बांधून झाल्यावर तो हट्ट संपतो ना? आराखडा कागदावरून जमिनीवर आला की एक दिवसाच्या आठ गटांनी त्यातलं काय बिघडेल? रफ उतरवू नका, बंकर उथळ करू नका, हळू खेळणाऱ्याला मागे राहू द्या. मैदान आहे तसंच ठेवा, फक्त माणसं बदला.

मित्राला मी फोन केला होता. पुढच्या महिन्यात त्याच्या पाहुण्यांच्या कोट्यात अजून दोन जागा आहेत. त्या मला देऊ नकोस म्हटलं. आमच्या ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाची जागा) दोन मुली रोज येतात, एकीचं वय चौदा, दुसरीचं सोळा, दोघींनी अजून गवताच्या टीवरून मारलेलं नाही, फक्त चटईवरून. त्यांना ने म्हटलं. तो हो म्हणालाय. आणि क्लबाच्या समितीला एक दिवसाबद्दल पत्रही लिहिणार आहे.

मागचा टी

मुलींना नेताय हे फार चांगलं केलंत. पहिल्या टीवर त्यांना घाई करू देऊ नका, तिथे मागे कोणी नसणार आहे.

पत्राबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. असं पत्र आमच्या समितीत आलं तर मी विरोधात मत देईन. पण ते सभेत वाचून दाखवा असं मीच म्हणेन.