विषय: कोकणात पोरांना कोकोची बाग दाखवायची आहे

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात माहेरी गुहागरला जातेय. तिकडे काही आगरांत कोको लावलाय असं ऐकलं. चॉकलेट कसं होतं ते पोरांना अर्ध्या दिवसात दाखवून होईल का? बार तिथेच घ्यावेत का? काका, तुम्ही जाऊन आलात ना?

---

अगं, अर्ध्या दिवसात झाडं बघून होतील, चॉकलेट नाही. फळ तोडल्यापासून बी वाळेपर्यंतच दोन आठवडे जातात. आधी फोन करून एवढंच विचार, की बिया आंबवायची पेटी कधी भरणार? त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जा.

आम्ही बघितलेलं आगर माड-पोफळीचं, कोको मधल्या सावलीत. फळं थेट खोडावर, फणसासारखी. ओढून काढत नाहीत, देठ कापतात. तिथेच पुन्हा फुलं धरतात. फोडायला मात्र लाकडी दांडका, कोयत्याने बिया चिरल्या तर बुरशी शिरते. आत आंबटगोड पांढऱ्या गरात ३०-४० बिया. पोरं गर चोखतील आणि बी चावली की थुंकतील. जांभळी, कडू, तुरट. चॉकलेटचा मागमूस नाही.

खरी गंमत पेटीत. बिया गरासकट भरून वर केळीची पानं. गरातल्या साखरेची आधी दारू होते, मग खालवर करून हवा लागली की आंब. आत ४५-५० अंश उष्णता! पानं उचलली तर डोळे चुरचुरतात. त्यात बी मरते, तपकिरी होते, आणि चवीची तयारी तिथेच होते. हे पाच-सहा दिवस बिघडले तर पुढे कितीही महागडं यंत्र आणा, उपयोग शून्य.

मग उन्हात वाळवण, भाजणं, टरफलं पाखडणं (चक्क आपलं सूप!) आणि दगडी ग्राइंडरमध्ये दोन-दोन दिवस घोटणं. जास्त वेळ घोटून मऊ करायची युक्ती १८७९ मधली, स्वित्झर्लंडच्या रोडोल्फ लिंटची.

बार घेऊन उन्हातल्या गाडीत ठेवू नकोस. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. भाजलेल्या बिया घे.

---

काकांच्या मेलला जोड: पावसाळ्यात कुणी जाऊ नका. माझ्या भावाच्या पोफळीत कोको आहे. सुपारीला कोळेरोग आणणाऱ्या बुरशीचीच भावंडं कोकोची फळं काळी पाडतात, दोन्हींवर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारावं लागतं. वाळवणाचे तर हालच. वाचलेल्या फळांना खारी भोकं पाडतात. त्यांना पिकलेलं आपल्याआधी कळतं.

ताई, भावाचा नंबर इथे टाकत नाही, तुम्हाला वेगळा पाठवते.