बॉनेटची गादी लोंबली की तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

मागच्या रविवारी पहाटे विजापूर रोडनं टाकळीपर्यंत जाऊन आलो. गाडी दारात लावली, चहा घेतला आणि सहज बॉनेट उघडलं तर आतली, इंजिनाची धग आणि आवाज अडवणारी काळी गादी अर्धी सुटून इंजिनावर लोळत होती. तिचं एक टोक एक्झॉस्टपासून जेमतेम चार बोटांवर. गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म, गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबरच्या बॉडीची. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीचे सात रस्त्याच्या सिग्नलला काच खाली करून "फेरारी का बे ही?" असं विचारतात. गादी माझ्या आधीच्या मालकानं हौसेनं बसवून घेतलेली, नुसत्या सोल्यूशनवर, म्हणजे कुशनवाले वापरतात त्या चिकट द्रावावर.

मी त्यावर आतापर्यंत तीन प्रयोग केले. डबल टेप : आठ दिवस. ग्लू गन : बारा दिवस, तेही फेब्रुवारीत. कुशनवाल्याकडून पुन्हा सोल्यूशन : एप्रिल निघाला, मेमध्ये पारा त्रेचाळिसाला टेकला आणि गादी खाली. एक गोष्ट मात्र ध्यानात आली. गाडी पळत असताना ती सुटत नाही, गाडी बंद केल्यावर सुटते. पळताना आत वारा फिरतो. बंद केली की इंजिनाची सगळी धग वर चढून बॉनेटला जाऊन बसते आणि वरून आपलं सोलापूरचं ऊन असतंच.

जुन्या स्पोर्ट्स गाड्या, जुन्या दोन दारी, किंवा नुसत्या जोरात पळणाऱ्या जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांनी आपापलं लिहा. कशानं बसवली, किती टिकली, काय जळालं. यूट्यूबवर पाहिलेलं नको, स्वतःच्या हातानं केलेलंच सांगा.

जुळे सोलापूरहून

माझी गादी लोंबली नाही, खाल्ली गेली. जानेवारीत गड्डा जत्रेच्या दिवसांत पाहुण्यांनी घर भरलेलं, गाडी दहा दिवस हललीच नाही. अकराव्या दिवशी बॉनेट उघडलं तर गादीच्या आतला कापूस ओढून उंदरानं बॅटरीमागं ऐसपैस बाळंतघर केलेलं. उरलेलं कापड पदरासारखं खाली आलेलं. मी ते काढून फेकलं आणि नवीन बसवलंच नाही. आता बॉनेटच्या मधोमध रंग फिका पडलाय, बायको म्हणते गाडीला टक्कल पडलं. उंदरावर उपाय असेल तर तोही सांगा, डांबराच्या गोळ्या सोडून. त्या ठेवून पाहिल्या, एसी लावला की गाडीत आजीच्या ट्रंकेचा वास येतो.

भवानी पेठेतून

हसू नका. आमचे यंत्रमाग, घरात टेरी टॉवेलला तोटा नाही. गाडी १.६ पेट्रोल, हॅचबॅक आहे पण पळते. गादीतला फोम हात लावला की शेंगाचटणीसारखा भुगा होऊन पडायचा. मी डोकं लढवलं : फोम खरवडून काढला, त्या जागी डागी टॉवेल दुहेरी घडी करून घातला आणि जुनं कापड वरून ओढून बाइंडिंग वायरनं आवळलं. पहिले तीन आठवडे झकास. आवाज खरंच कमी झाला, मी चौघांना सांगितलंही.

मग एकदा ऑइल भरताना थोडं सांडलं. बॉनेट खाली आलं तसं टॉवेलनं ते टिपून घेतलं, टॉवेलचं कामच ते. दोन दिवसांनी आसरा चौकात जळका वास आला. मला वाटलं पुढच्या रिक्षाचा. नंतर धूर दिसला तो माझ्याच बॉनेटच्या फटीतून. पानवाल्यानं पाण्याचा जार आणून दिला. तळहाताएवढा गोल जळाला होता, ज्वाळा नव्हती, नुसती आतल्या आत धुमसत होती. सुती माल, त्यात तेल, खाली तापलेला पाइप. टॉवेल अंग पुसायला उत्तम. बॉनेटखाली घालू नका.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून

मी गाडीवाला नाही मालक, लॅगिंगवाला, म्हणजे धग अडवणारं आवरण चढवणारा. डाइंगच्या बॉयलरला, वाफेच्या पाइपांना, एसीची हवा नेणाऱ्या डक्टला ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) मारायचं काम पंचवीस वर्षं करतोय. पुतण्याच्या जुन्या गाडीचं बॉनेट केलं म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे सोल्यूशनच्या मागं लागलाय. आमच्या धंद्यात साधं आहे : सोल्यूशन धरायला, पिन टांगायला. डक्टच्या पोटाला ग्लासवूल कसं राहतं? भोकाभोकाच्या पत्र्याच्या बुडावर खिळ्यासारखी पिन असते. ती डक्टला चिकटवायची, पिनेवर गादी टोचायची, वरून दातेरी वॉशर दाबायचा. वॉशर आत जातो, बाहेर येत नाही. उरलेलं टोक कापून वाकवायचं. असे डक्ट वर्षानुवर्षं उलटे लटकलेत.

गादी नेहमी कडेनं सुटते, मधून नाही. कारण गादी नीट बसलेली असली तर तिच्या पाठीमागचं सोल्यूशन त्यातल्या त्यात गार राहतं, गादीच त्याला धग लागू देत नाही. कड एकदा उघडली की गरम हवा मागं शिरते आणि मग सोलत जाते. म्हणून पिना कडेपासून चार बोटं आत, वीत-वीतभर अंतरावर, आणि कड सगळीकडून अ‍ॅल्युमिनियमच्या टेपनं बंद करायची. साधी चंदेरी टेप नव्हे, खरी अ‍ॅल्युमिनियमची, मागचा कागद सोलून लावायची. फक्त बॅटरीच्या वर टेप किंवा फॉइल येऊ देऊ नका. बॉनेट लागताना टर्मिनलला टेकली की ठिणगी.

लोखंडी बॉनेटला काही जण पिन वेल्ड करतात. करायचीच तर बॅटरीची वायर काढून आणि फक्त आतल्या सांगाड्यावर. बाहेरच्या पत्र्यावर केली तर वरून रंगावर चट्टा उठतो, पुतण्याच्या गाडीवर एक आहे, त्याला अजून सांगितलेलं नाही. धागावाल्या मालकांची फायबर बॉडी आहे, तिथं वेल्डिंगचा प्रश्नच नाही. ऐंशी नंबरच्या पेपरनं घासा, पिनेचं बूड इपॉक्सीत बसवा, इपॉक्सी भोकांतून वर येऊ द्या, रात्रभर हात लावू नका. थिनर टाळा, फायबरवरचा रंग मऊ पडतो.

ग्लासवूल हाताळताना फुल बाह्या आणि तोंडाला मास्क. अंग खाजलं तर आधी गार पाणी.

स्टुटगार्टजवळून, मूळचा दत्त चौकातला

काकांचं पिनांबद्दलचं वाचून आनंद झाला, कारण मी तेच फार महाग पद्धतीनं शिकलो. माझ्याकडे १९८६ ची पोर्शे ९११ आहे, कॅरेरा ३.२. हिचं इंजिन मागं असतं आणि ते पाण्यानं नाही, हवेनं गार होतं. (अशी शेवटची ९११ १९९८ मध्ये बनली.) रेडिएटर नाही, इंजिनावर एक मोठा पंखा, त्याच्या पोटातच अल्टरनेटर आणि दोघं एकाच बेल्टवर. तो पंखा इंजिनखोलीतली हवा ओढून सिलिंडरांवर मारतो.

आता सीट आणि इंजिन यांच्यामधल्या भिंतीवर जी गादी असते, ती बरोबर या पंख्याच्या तोंडासमोर. चाळीस वर्षांत कुठलाही फोम विरघळणारच. तुमच्याकडे गादी लोंबली तर वास येईल, माझ्याकडे लोंबली तर पंखा ती गिळणार. तुकडे आत गेले की सिलिंडरवरच्या, गार करायला असलेल्या पातळ पात्यांमध्ये (फिन्समध्ये) अडकतात, हवेची वाट बंद आणि ते बाहेरून दिसतही नाही. माझी पंख्यापासून दोन बोटांवर आली होती.

भिंतीपर्यंत हात नीट पोचायचा तर इंजिन खाली उतरवावं लागतं. मी उतरवलं नाही. दोन शनिवार-रविवार पालथा पडून, कोपरं सोलून जुना फोम लाकडी पट्टीनं खरवडला आणि खाली सांडलेला कण न् कण व्हॅक्यूमनं ओढला. त्याआधी पंख्याचं तोंड जुन्या चादरीनं झाकलं. चादर अर्थातच सोलापुरी, आईनं दिलेली. नवी गादी आतल्या खाचाखोचांत बसवायला जुन्या दिवाळी अंकाची पानं जोडून साचा कापला. गादी चिकटवून तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या दोन आडव्या पट्ट्या टाकल्या आणि मुळातल्याच स्क्रूंना धरून आवळल्या. आता सोल्यूशननं दगा दिला तरी गादी पट्ट्यांमागं अडकून राहील. पाच उन्हाळे झाले. इथले उन्हाळे, हे मान्य.

होटगी रोडवरून

वडिलांची नव्वदच्या दशकातली दोन दारी गाडी. ते गेल्यापासून मी चालवते, दुरुस्तीही शक्य तेवढी मीच करते. तयार गादी मिळेना, मिळाली तिची किंमत ऐकून ठेवून दिली. एमआयडीसीतल्या एका लॅगिंगवाल्याकडूनच (काका, तुम्हीच की काय?) ग्लासवूल आणि काचेचं कापड आणलं आणि पिशवी शिवून आत भरलं. महिन्याभरात सगळं ग्लासवूल घसरून खालच्या कडेला गोळा झालं, वर नुसतं कापड. शेजारच्या मावशींनी एका नजरेत सांगितलं, "अगं, वाकळेला टाके का घालतात?" मग उसवलं आणि चार बोटांवर उभे-आडवे टाके घातले, काचेच्याच धाग्यानं. सुती धागा नको, टॉवेलवाल्या दादांचं वाचलंच असेल. आता इंचभरही सरकत नाही.

दुसरं म्हणजे जाडी. जाड गादी भरली आणि बॉनेट बसेचना. मग स्वयंपाकघरातून कणकेचे पाच गोळे आणले, इंजिनाच्या उंच उंच जागांवर प्लास्टिकच्या तुकड्यावर ठेवले, बॉनेट हलकेच लावून उघडलं. चार गोळे तसेच राहिले. एअर फिल्टरवरचा पापडासारखा चपटा, मोजला तर आठ मिलिमीटर. तेवढ्या भागात गादी पातळ केली. कणीक गाईला घातली.

विजापूर रोडवरून

एवढा उपद्व्याप कशाला? काढून टाका. गाडीला सवय होते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून

गाडीला होते मालक, रंगाला होत नाही. जुळे सोलापूरवाल्यांचं टक्कल वर वाचा. आणि ताई, मीच तो. पुढच्या खेपेला धागा फुकट नेऊ नका, चहा पाजा.

जुळे सोलापूरहून

ग्लासवूल उंदीर खातो का हो?

होटगी रोडवरून

माझ्याकडे अजून शिवला नाही. पण वॉशिंग सेंटरवाल्याला सांगून ठेवा, बॉनेट उघडून प्रेशरचा पाइप आत मारू नको म्हणून. माझी पहिली कड उंदरानं नाही, त्या पाण्यानं फाटली होती.

धागा काढणारा

सगळ्यांचं वाचून काल संध्याकाळी बसलो. घासून अकरा पिना इपॉक्सीत लावल्या, रात्रभर बॉनेट काठीनं उघडं टेकवून ठेवलं, येणारा-जाणारा प्रत्येक जण "बंद पडली का?" विचारून गेला. कणकेची परीक्षा सकाळी झाली, सगळीकडे बारा मिलिमीटरच्या वर जागा आहे. गादी ताईंच्या पद्धतीनं टाके घातलेली, टाके माझे असल्यानं रेषा जरा नागमोडी. आत्ता बॉनेटला आणि गादीला, दोन्हीकडे सोल्यूशन लावून ठेवलंय, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत पंधरा मिनिटं थांबायचंय. तेवढ्यात हे लिहून काढलं. चला, वॉशर दाबायला जातो.