रेड १ असूनही एक डिस्क काढल्यावर संगणक सुरू होत नाही

प्रश्न
माझ्या लिनक्स संगणकात दोन एसएसडींवर एमडीएडीएमने (लिनक्समधील रेड सांभाळणारे साधन) रेड १ मिररिंग, म्हणजे दोन्हींवर एकच माहिती ठेवण्याची सोय, केलेले आहे. खात्री करून घ्यावी म्हणून पहिल्या डिस्कची केबल काढून संगणक सुरू केला, तर थेट बायोसचा सेटअप समोर आला. ती पुन्हा जोडून दुसरी काढली, तेव्हा मात्र सर्व सुरळीत चालू झाले. आता दोन्ही डिस्क जोडलेल्या आहेत. दोन्हींवर तीच माहिती असताना असे का व्हावे?

उत्तर १
मिररिंग बहुधा फक्त रूट पार्टिशनचे, म्हणजे मूळ सिस्टिम असलेल्या भागाचे, झाले आहे. यूईएफआय फर्मवेअर (जुन्या बायोसची जागा घेणारे, संगणक सुरू करणारे सॉफ्टवेअर) सर्वांत आधी ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फायलींचा छोटा भाग) शोधते आणि लिनक्सचे रेड त्याला कळत नाही. ते पार्टिशन आपल्या पहिल्याच डिस्कवर असणार. दुसऱ्या डिस्कवरही तसेच फॅट ३२ (फर्मवेअरला वाचता येणारी फाइल रचना) पार्टिशन तयार करून त्यात सर्व फायली उतरवा आणि ईएफआयबूटएमजीआर या आज्ञेने त्याची स्वतंत्र बूट नोंद करा. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची याची यादी असलेली फाइल) ईएफआयच्या ओळीला नोफेल हा पर्याय जोडा, अन्यथा ते पार्टिशन न सापडल्यास सिस्टिम इमर्जन्सी मोडमध्ये अडकेल.

उत्तर २
ईएफआय पार्टिशनचेही मिररिंग करता येते, मात्र रेडची स्वतःची नोंद, म्हणजे मेटाडेटा, १.० प्रकारची ठेवावी लागते, कारण ती पार्टिशनच्या शेवटी लिहिली जाते आणि फर्मवेअरला ते साधे फॅट पार्टिशनच दिसते. तरीही मला स्वतंत्र प्रतीच बऱ्या वाटतात, कारण फर्मवेअरने रेडला न कळवता एका डिस्कवर काही लिहिले, तर दोन्हींत तफावत पडते. बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) अद्ययावत झाला की दुसरी प्रतही अद्ययावत करण्याची सोय तेवढी करून ठेवा.

उत्तर ३
या सगळ्याआधी प्रॉकमधील एमडीस्टॅट फाइल पाहा, ही माझी कळकळीची विनंती आहे. दुसरी डिस्क काढलेली असताना सिस्टिम चालू झाली, म्हणजे पहिलीवर नवे लेखन झाले आणि दुसरी मागे पडली. ‘यूयू’ऐवजी (दोन्ही डिस्क चालू) ‘यू_’ (एक गळालेली) दिसत असेल, तर मिररिंग सध्या बंदच आहे.

प्रश्नकर्ता
खरोखरच ‘यू_’ दिसत आहे, आणि मी आठवडाभर निर्धास्त होतो!

उत्तर ३
मग दुसऱ्या डिस्कचे पार्टिशन ॲरेमध्ये, म्हणजे रेडच्या डिस्कसंचात, परत जोडा आणि ‘यूयू’ दिसेपर्यंत कोणतीही केबल काढू नका. त्यानंतर ईएफआयचे काम करून पहिली डिस्क काढून चाचणी घ्या. ती परत जोडल्यावर तिचेही सिंक पूर्ण होऊ द्या. एमडीएडीएमच्या मॉनिटरला ईमेल पत्ताही द्या, म्हणजे डिस्क गळाल्याचे त्याच दिवशी कळेल. बॅकअप मात्र वेगळा ठेवावाच लागेल, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते.