आडरानात एकटं राहणाऱ्याला साधा फोन पुरतो की नाही?

रानवाट
परवा इथे एकानं लिहिलं, "वस्तीपासून लांब एकट्यानं राहायचं आणि अडीअडचणीला साधा फोन ठेवायचा, ही स्वतःची फसवणूक आहे. स्मार्टफोन घ्या, नाहीतर शहरात राहायला जा." वाचून डोकंच फिरलं. मी वर्षानुवर्षं एकटी राहते. जवळचं घर हाकेच्या टप्प्यात नाही. बटणांचा फोन दिवसा कमरेच्या पिशवीत, रात्री उशाशी. एकदा चार्ज केला की कितीतरी दिवस बघावं लागत नाही. मागच्या पावसाळ्यात विहिरीपाशी शेवाळावरून घसरले. घोटा मुरगळला, उजवं मनगट टम्म सुजलं. चिखलानं भरलेल्या डाव्या अंगठ्यानं, न बघता, चाचपून २ चं बटण दाबून धरलं. शेजाऱ्यांना फोन लागला. त्या हातानं काचेचा स्क्रीन उघडून नंबर शोधता आला असता का, ते आधी सांगा.

मनोरा
ती पोस्ट माझी, आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. तुम्ही शुद्धीत होतात म्हणून बटण दाबलंत. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पत्ता सांगता येत नाही. स्मार्टफोनवरून आपत्कालीन नंबर लावला की ज्या देशांत तशी सोय केलीय तिथे फोन स्वतःच जीपीएस चालू करून ठिकाण कळवतो. "मोठ्या झाडाच्या अलीकडून डावीकडे वळा" असं सांगत बसावं लागत नाही. दुसरं म्हणजे जुनी नेटवर्कं बंद होत चाललीत. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी गुंडाळलं. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये ते बंद झालं तेव्हा असे फोन निघाले जे रोजचे कॉल ४जीवर करत, पण आपत्कालीन कॉलला ३जीच शोधत. ते ब्लॉक करावे लागले. कपाटात जपलेल्या साध्या फोनवर किती भिस्त ठेवायची ते बघा.

कडीकुलूप
मी तर आईच्या घरी जुना फोन सिम न घालताच ठेवलाय. ११२ बिनसिमचा लागतो ना? मग रिचार्जची कटकट कशाला?

मनोरा
सगळीकडे लागत नाही! जर्मनीत खोट्या कॉलचा इतका त्रास झाला की २००९ पासून चालू सिमशिवाय ११२ लागतच नाही. अमेरिकेत बिनसिमचा ९११ लागतो, पण कॉल मध्येच तुटला तर ते तुम्हाला उलट फोन करू शकत नाहीत. आजच सिम घाला.

रानवाट
इथे मात्र मनोरा यांच्या बाजूनं. आणि कडीकुलूप, बॅटरी कधी बघितलीत? पूर्ण उतरलेली लिथियमची बॅटरी महिनोन् महिने पडून राहिली की नंतर चार्जच धरत नाही. अडीअडचणीचा म्हणून वेगळा ठेवलेला फोन ऐन वेळी हमखास मेलेला असतो. रोज वापरतो तोच फोन अडचणीला उपयोगी पडतो. ४जीवर बोलता येणारे साधे फोन आता मिळतात, त्यामुळे नेटवर्कच्या मुद्द्यावर साध्या फोनला बाद करू नका.

तांब्याची तार
लँडलाइनबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून यायची, घरात अंधार असला तरी डायल टोन असायचा. आमच्याकडे तार काढून फायबर दिलं. आता लाइट गेली की घरातला डबा बंद, फोन बंद. मोबाइलचा टॉवरही बॅटरीवर काही तासच तग धरतो. वादळात आधी लाइट जाते, मग टॉवर. साधा की स्मार्ट हा वाद तिथेच संपतो.

पाणवठा
मला ते "ठिकाण आपोआप कळतं" खुपलं. मुलानं माझ्या फोनवर लोकेशन चालू करून दिलं. मग रोज संध्याकाळी विचारणा, "ओढ्याकडे का गेला होतात? इतका वेळ तिथे काय करत होतात?" आयुष्यभर कुणाला हिशेब दिला नाही, तो आता द्यायचा? फोन त्याला परत केला आणि साधा घेतला.

मनोरा
काका, राग मानू नका, पण हा निव्वळ हट्ट आहे. माझे मामा रात्रभर बांधाखाली पडून होते. साधा फोन खिशात, रेंज नाही. आम्ही बॅटऱ्या घेऊन उलट्या बाजूच्या शिवारात हाका मारत फिरत होतो. सकाळी सापडले तेव्हा अंग गार पडलं होतं, आणि पुढे ते पहिल्यासारखे चालू शकले नाहीत. तुमच्या मुलाला ती भीती रोज वाटते.

रानवाट
वाईट झालं. पण रेंजच नव्हती तर स्मार्टफोननं काय केलं असतं?

मनोरा
रेंज जाण्याआधीचं शेवटचं ठिकाण तरी दिसलं असतं! शोध कुठून सुरू करायचा ते कळलं असतं. हे तुम्हाला समजत नाही की समजून घ्यायचंच नाही?

पाणवठा
आवाज चढवू नका. मामांचं ऐकून मलाही वाईट वाटलं. पण मुलाला भीती वाटते म्हणून बापानं चोवीस तास नजरेखाली राहायचं, हे मला मान्य नाही. भीती त्याची आहे, आयुष्य माझं आहे. आणि "हट्ट" म्हणालात ना? तरुण माणूस एकटा डोंगर चढतो तेव्हा त्याला कुणी हट्टी म्हणत नाही.

कडीकुलूप
माझी आईही हेच म्हणते, आणि मला रात्र रात्र झोप लागत नाही. आम्हीही माणसंच आहोत हो.

रानवाट
पाणवठा, मुलाशी वेळ ठरवा. मी रोज दिवेलागणीला बहिणीला फोन करते. नाही केला तर ती आधी मला करते, मग शेजाऱ्यांना. लांब जाणार असले तर कुठल्या बाजूला जातेय ते सकाळीच सांगून ठेवते. मामांच्या बाबतीत एवढं ठरलेलं असतं तर पहाट उजाडायची वाट बघावी लागली नसती. आणि रेंज अगदीच कमी असेल तर मेसेज टाका. बोलणं तुटतं तिथूनही तो बरेचदा जातो.

मनोरा
ठरल्या वेळेचा फोन आणि तो चुकला तर घराबाहेर पडणारं माणूस, हे दोन्ही असेल तर साधा फोन चालेल. एवढंच मान्य. बेशुद्ध माणसाच्या मुद्द्याला मात्र तुमच्याकडे अजून उत्तर नाही.

पाणवठा
दिवेलागणीचा फोन मी करीन. लोकेशन नाही.