मदत हवी आहे: मढ–वर्सोवा पुलावर पायी आणि सायकलने जायला वाट मिळावी म्हणून काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

मी मढला राहते आणि वर्सोव्याला (आमच्या तोंडी वेसावे) एका दवाखान्यात काम करते. रोज सकाळी सायकल घेऊन फेरीबोटीने खाडी ओलांडते. बोटीला पाणी कापायला जेमतेम काही मिनिटं लागतात. तेच रस्त्याने जायचं तर मार्वे, मालवणी, मालाड, मग लिंक रोड असा वीसेक किलोमीटरचा वळसा. पहिल्या सिग्नलला अडकलात की तास-दीड तास कुठेच गेला नाही.

आता महापालिका इथे पूल बांधणार आहे, साधारण दोन किलोमीटरचा. पूल व्हावा असंच मला वाटतं. पावसाळ्यात वारा उठला की बोट बंद होते. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर जीव टांगणीला लागतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आजींना नेताना तो वळसा मी रिक्षात बसून मोजलाय.

पण मुंबईत समुद्रावर बांधलेल्या मोठ्या पुलांकडे बघा. २००९ला सुरू झालेला वांद्रे–वरळी सागरी सेतू: चालणाऱ्याला, सायकलला, दुचाकीला बंदी. २०२४चा अटल सेतू: तेच. सागरी किनारा रस्त्याच्या कडेने भराव घालून फिरायला छान लांब विहारपथ केला, तिथे संध्याकाळी लोक पोरंबाळं घेऊन जातात, ते चांगलंच झालं. तरी वरळीहून वांद्र्याला समुद्रावरून पायी जायला आजही वाट नाही. फिरायला जागा मिळाली, पोचायला नाही.

आमच्या बोटीत कोण असतं ते सांगते. सहाच्या बोटीला पाटीवाल्या मावशी असतात. ओहोटी असली की बोट धक्क्याच्या बरीच खाली राहते. मग आधी पाट्या खाली द्यायच्या, मग माझी सायकल, मग आम्ही. एक मावशी रोज स्वतःची पाटी माझ्या कॅरिअरवर टेकवतात आणि चुंबळ काढून मान मोकळी करतात. पाटीतल्या बर्फाचं पाणी माझ्या चाकावरून ठिबकत असतं. शाळेची मुलं, घरकामाला जाणाऱ्या बायका, रात्रपाळी करून परतणारे वॉचमन हे सगळे त्याच बोटीत. यातल्या बहुतेकांकडे गाडी नाही. पूल फक्त गाड्यांचा झाला आणि "आता पूल आहे ना" म्हणून बोट बंद झाली, तर आज मिनिटांत पलीकडे जाणारी ही माणसं वळशावर ढकलली जातील. मला हीच भीती आहे.

एका कार्यालयात चौकशी केली. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, एवढ्या उंच पुलावर चालणार कोण?" मला तेव्हा काही सुचलं नाही. घरी आल्यावर हावडा ब्रिज आठवला. १९४३चा पूल, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा फुटांचे पदपथ, आणि त्यावरून डोक्यावर ओझी घेऊन माणसांची रीघ. सिडनीच्या १९३२च्या हार्बर ब्रिजवर एका बाजूने चालणारे जातात, दुसऱ्या बाजूने सायकली.

शिवाय आराखडा बदलत नाही असंही नाही. वरळीच्या कोळी बांधवांनी सागरी किनारा रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घेतलं, बोटींना जायला वाट राहावी म्हणून. ते वर्षानुवर्षं मागे लागले होते. आम्ही मात्र आत्ता कुठे जागे होतोय.

मला विचारायचं आहे ते असं: पदपथ नंतर जोडता येतो का, की आत्ताच धरावा लागतो? अर्जात नेमकं काय मागायचं, म्हणजे "विचार करू" म्हणून बाजूला टाकता येणार नाही? आणि बोट चालू ठेवण्याची मागणी याच अर्जात घालावी की वेगळी करावी?

प्रतिसाद १

ताई, मी पुलांच्या कामात पंचवीस वर्षं काढली आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आत्ताच. चालणाऱ्या माणसांचं वजन, कठडा, वाऱ्याचा जोर हे सगळं गर्डर (पूल पेलणाऱ्या तुळया) आणि पाया ठरवतानाच धरतात. झालेल्या पुलाला नंतर बाहेरून पदपथ लटकवणं फार महाग पडतं, आणि पुष्कळदा जमतच नाही.

अर्जात मोघम "पदपथ हवा" लिहू नका, मापं लिहा. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते-पुलांची मानकं ठरवणारी संस्था; तिच्या पादचारी सुविधांच्या संहितेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. मोकळी म्हणजे मध्ये दिव्याचा खांब नाही, केबलचा डबा नाही. पाटी घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तर तेवढी लागतेच. सायकलचा पट्टा वेगळा मागा. गाड्या आणि पदपथ यांच्यामध्ये क्रॅश बॅरिअर, म्हणजे गाडी अडवणारा भक्कम कठडा, हवा; नुसता रंगाचा पट्टा चालणार नाही.

खरी मेख चढात आहे. खालून बोटी जायच्या म्हणून पूल उंच होतो. समजा १२ मीटर चढायचं आहे. १:२० ने, म्हणजे वीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर, असं चढलात तर २४० मीटर लागतात, १:३० ने ३६० मीटर. सायकलवाल्याला आणि ओझं घेतलेल्या माणसाला दुसरा चढ झेपतो. आणि हे अगदी विसरू नका: पदपथ कुठे सुरू होतो आणि कुठे उतरतो ते विचारा. मी असे पूल पाहिलेत जिथे पदपथ उत्तम आहे, पण तो भर चौकात कठड्यापाशी संपतो. मासळी बाजाराच्या आणि धक्क्याच्या बाजूला जिना आणि रॅम्प दोन्ही मागा.

प्रतिसाद २

मी गोव्यातल्या पर्वरीचा. आमच्याकडे मांडवीवर २०१९ला तिसरा पूल झाला, त्याचंही नाव अटल सेतू. त्यावर दुचाकीला बंदी आहे. पण पणजी–बेती फेरी अजून चालते, आणि पायी माणसाला तिचा केवढा आधार आहे ते सकाळी धक्क्यावर उभं राहून बघा. ५ जुलै १९८६ला मांडवीवरचा पहिला पूल कोसळला तेव्हा लोकांना नदी ओलांडायला फेरीबोटीच कामाला आल्या. माझे वडील ते अजून सांगतात. बोटीची मागणी वेगळ्या अर्जात करा, ताई. एकात घातलीत तर "पदपथ दिला, आता बोट कशाला" असा सौदा होतो.

प्रतिसाद ३

आधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "पदपथ आहे का?" असं विचारू नका, कागद मागा: पुलाचं जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग (पूर्ण पुलाचा मुख्य आराखडा), आडवा छेद (पूल आडवा कापला तर कसा दिसेल ते चित्र), आणि दोन्ही बाजूंच्या जोडरस्त्यांचे नकाशे. आडव्या छेदात सगळं मापासकट दिसतं. महापालिकेच्या पूल विभागाच्या नावाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

प्रतिसाद १ (पुन्हा)

एक राहिलं. "चालणार कोण" याला उत्तर म्हणून बोटीतली माणसं मोजा. आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, सगळं लिहा.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. माहितीचा अर्ज आज रात्रीच लिहिते. मोजणीची वही आणली, रकाने आखले: पायी, सायकल, दुचाकी, पाटीवाल्या, शाळेची मुलं. संध्याकाळची बोट मावशी मोजणार आहेत. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून माणसामागे एक चिंचोका पिशवीत टाकणार, आणि सकाळी मी तो हिशेब वहीत उतरवून घेणार. आठवड्याने आकडे इथे टाकते. तोवर रुंदी आणि चढाची मापं अर्जात कशी मांडावीत त्याचा चार ओळींचा मसुदा कुणी लिहून देईल का?