मोझिलाची (फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेची) डिजिटल सही नसलेलं एक्स्टेन्शन फायरफॉक्समध्ये कायमचं कसं बसवायचं?

प्रश्न:
विंडोज ११, फायरफॉक्सची नेहमीची आवृत्ती. छोटं एक्स्टेन्शन लिहिलंय, चारच मशीनवर लागतं. 'अबाउट:डीबगिंग' या चाचणीच्या पानातून चालतं, पण ब्राउझर बंद केला की जातं. 'अबाउट:कॉन्फिग'मध्ये 'एक्सपीआयइन्स्टॉल.सिग्नेचर्स.रिक्वायर्ड' (सही सक्तीची ठेवणारं सेटिंग) फॉल्स केलं, तरी पडताळणी नाही म्हणून नकार. स्टोअरवर सगळ्यांना दाखवायचं नाही.

उत्तर १:
नेहमीच्या आवृत्तीत ते सेटिंग ४८ पासून (ऑगस्ट २०१६) निरुपयोगी आहे. बदललेलं दिसतं, होत काहीच नाही. ईएसआर (संस्थांसाठीची दीर्घ मुदतीची आवृत्ती), डेव्हलपर एडिशन आणि नाइटली (रोजची चाचणी आवृत्ती) यांमध्ये अजून चालतं.

पण चार मशीनसाठी सही घेणंच बरं, ती फुकट मिळते. मॅनिफेस्टमध्ये (एक्स्टेन्शनची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) गेकोचा आयडी, म्हणजे फायरफॉक्ससाठीची एक्स्टेन्शनची ओळख, लिहा. झिप करताना फोल्डर नको, आतल्या फाइली निवडा. मॅनिफेस्ट अगदी वरच्या पातळीवर नसेल तर फाइल खराब असल्याचा संदेश येतो. मग मोझिलाच्या अ‍ॅड-ऑन साइटवर डेव्हलपर खात्यातून अपलोड करा आणि वितरण 'स्वतः करणार' हा पर्याय निवडा. एक्स्टेन्शन यादीत दिसत नाही. तपासणी बहुतेक वेळा आपोआप होते, सही झालेली एक्सपीआय फाइल (एक्स्टेन्शन बसवायची फाइल) उतरवता येते. एकदा चढवलेला आवृत्ती क्रमांक पुन्हा चालत नाही, एका ओळीचा बदल केला तरी आकडा वाढवा.

प्रश्नकर्ता:
अपडेट आपोआप जातील का?

उत्तर २:
स्टोअरकडून नाही. मॅनिफेस्टमध्ये 'अपडेट यूआरएल' द्या, तिथे एचटीटीपीएसवर नव्या आवृत्तीची माहिती देणारी जेसन फाइल ठेवा. ही ओळ पहिल्याच आवृत्तीत हवी, नाहीतर चारही मशीनवर पुन्हा हाताने बसवावं लागेल.

उत्तर ३:
सहीमुळे इतर प्रोग्रॅमनी गुपचूप घुसवलेली एक्स्टेन्शन थांबतात, म्हणून ईएसआरमध्येही ती तपासणी बंद ठेवू नका. मात्र सही करायची किल्ली एकट्या मोझिलाच्या हाती राहते, हे मला खटकतं. ४ मे २०१९ ला सह्या तपासताना लागणाऱ्या मोझिलाच्या मधल्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभर चालू एक्स्टेन्शन बंद पडली. ओळख लपवणाऱ्या टॉर ब्राउझरमधलं नोस्क्रिप्ट (स्क्रिप्ट अडवणारं एक्स्टेन्शन) सुद्धा, म्हणजे ज्यांना संरक्षण सर्वांत जास्त हवं त्यांचंच गेलं. दुरुस्ती फायरफॉक्स ६६.०.४ मध्ये आली. तेव्हा ज्यांनी एक्स्टेन्शन काढून पुन्हा बसवायचा प्रयत्न केला, त्यांची त्यातली साठवलेली माहिती पुसली गेली. असं पुन्हा झालं तर काढू नका, आधी ब्राउझर अपडेट करा. मूळ प्रमाणपत्रही १४ मार्च २०२५ ला संपलंय, तेव्हा चारही मशीनवर किमान फायरफॉक्स १२८ किंवा ईएसआर ११५.१३ आहे ना, बघून घ्या.